डाव्या हाताचं दही

लग्नाला वर्ष होत आलं तरी धरणगावच्या सासरी मी यांच्याशी चारचौघांत अवाक्षर बोलले नव्हते. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीतच होती. मी ती इतकी चोख पाळली की सासूबाईंचा भलताच समज झाला. यांना धुळ्याच्या गिरणीत नोकरी लागली तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "दोन्हीसनं जमत नई. तो एकलाच जाई, ती राही आठेच." मी इथंच राहायचं, हे मी चुलीपाशी बसून ऐकलं. मला यांच्याबरोबर जायचं होतं. पण सांगणार कुणाला?

त्याच आठवड्यात गावात तंबूतला बोलपट आला. पुरुष पडद्यापुढे, आम्ही बायका पडद्यामागे. पडदा पाण्यानं भिजवत, म्हणजे चित्र मागूनही दिसे. नायक परगावी निघतो, आणि नायिका त्याच्या हातावर दही ठेवते, तेही डाव्या हातानं! बायकांत एकच हळहळ उठली. पुढे तो परत आलाच नाही. येणार तरी कसा? मी पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडले. माझंही माणूस निघायचंच होतं.

सकाळी ओट्यावर हे मामंजींना गोष्ट सांगत होते. "तिनी उजवा हात पुढे करा नि दही दिधं..."

"डावा व्हता!" मी आतूनच ओरडले. "मी देखेल शे!"

"उजवा!"

"डावा! तुम्ही झोपेल व्हतात!"

मग माझं मलाच कळलं. जीभ चावून मी पदर पुढे ओढला. मामंजी आढ्याकडे बघत होते. सासूबाई मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अवं माय! इतली भांडस, म्हंजे संसार बी करी. लई जाय रे तिले धुयाले."

असं माझंही धुळ्याला जायचं ठरलं. निघताना त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर दही ठेवलं. उजव्या हातानं, मला दाखवून.

धुळ्यात तोच बोलपट पुन्हा लागला. तिथल्या थेटरात बायकांची बाकं पडद्यापुढेच होती. नायिकेनं हात पुढे केला. उजवा! मागून सगळं उलटं दिसतं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

घरी येताना यांनी विचारलं, "मंग? कोणता हात?"

"डावा," मी म्हटलं. ज्या भांडणानं मला या माणसाबरोबर आणलं, ते मिटवायला मी काय खुळी होते?