भाऊजींचा भाव

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्म्याच्या दुकानाचे मालक. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआधी खिशाचा नंबर त्यांना कळतो. कमिशन म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. अर्थात कमिशन दुसरा कुणी खात असेल तर.

भाऊजी, ताई, आमची विधवा मावशी आणि मी परदेशी फिरायला गेलो. विमानतळावर पैसे बदलून देणाऱ्या खिडकीसमोर भाऊजी हात पसरून आडवे उभे राहिले. "मावशी, हे लुटारू आहेत. मी एटीएम मशीनमधून काढतो, तुम्ही तुमचे पैसे मला द्या."

मावशीने दिले. भाऊजींनी तिला तिथल्या नोटा दिल्या, त्या खिडकीपेक्षाही वाईट भावाने. मी हटकलं तर म्हणाले, "मग? बटणं कुणी दाबली?"

पुढे एका डोंगराळ गावात मुक्काम पडला. तिथला खानावळवाला कार्ड घेईना. गावात मशीन एकच. भाऊजी त्यावर असे ओणवे झाले, जणू आत तोंड घालून पाणी पिणार आहेत. मागे उभ्या असलेल्या ताईला म्हणाले, "तू तिकडे बघ." इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोला!

आकडा चुकला. पुन्हा चुकला.

"अहो, जरा आठवून दाबा."

"तू बोललीस म्हणून चुकला!"

मग मशीनने कार्ड गिळलं. भाऊजींनी मशीनला लाथ घातली. आधी पाय धरून कळवळले, मग ताईवर खेकसले.

खानावळीत मावशीने पर्स उघडली. चौघांचं जेवण, पुढचा सगळा खर्च तिनेच केला. वरखर्चाला म्हणून तिने दिलेली नोट भाऊजींनी उजेडात धरून तपासली. त्यांनीच तिला दिलेली नोट!

घरी परतल्यावर मावशीने विषयही काढला नाही. महिन्याभराने भाऊजी आपणहून मला घेऊन तिच्याकडे गेले. चेहऱ्यावर उपकार केल्याचा थाट आणत त्यांनी तिने केलेल्या खर्चाचे म्हणून काही रुपये तिच्या हातात ठेवले. "तिथलं चलन सध्या पडलंय, मावशी. आजच्या भावाने एवढेच होतात."

"बरं," मावशी म्हणाली आणि पैसे न मोजता उशीखाली सरकवले.

जिना उतरताना भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "व्यवहार असा करावा, शिकून घे."

यंदा ताई आणि मावशी दोघीच फिरायला गेल्या आहेत. आपण परवानगी दिली, असं भाऊजी दुकानात सांगत असतात.