यांची कबड्डी

लग्नात सगळ्यांनी मला एकच सांगितलं, नवरा कबड्डीतला वाघ आहे. अकोल्याच्या एका गिरणीनं यांना खेळासाठीच नोकरीवर घेतलं होतं. सकाळी काट्यावर कापसाच्या गाठी तोलायच्या, संध्याकाळी मैदान. समोरचा चढाई करून आला की त्याचे पाय धरून त्याला आडवा करायचा, हे यांचं काम.

सामना जिंकला की पोरं यांना वाजतगाजत घरी आणायची आणि मी दारात ओवाळायची. बाया म्हणायच्या, कशी फुगली पाहा! फुगते कसली? ओवाळताना मी यांचे दात, बोटं, गुडघे शाबूत आहेत का ते बघत असायची. एकदा खांदा निखळून आला, एकदा पुढचा दात मैदानातच राहिला. आंबेहळद उगाळून उगाळून माझी बोटं कायमची पिवळी झाली. पण 'खेळ सोडा' हे शब्द कधी तोंडातून निघाले नाहीत. गावभर ज्याचा मान, त्याला हे कोण सांगणार?

मग अमरावतीच्या सामन्यात गुडघा गेला. दिरानं निरोप आणला, आणि बडनेऱ्याला गाडी बदलून मी दवाखाना गाठला. पाय प्लास्टरमध्ये होता. गिरणीचे साहेब संत्री घेऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, "चालता येईल, सायकलही चालवता येईल. मैदानात मात्र पुन्हा उतरायचं नाही."

साहेबांचा चेहरा पडला. काट्यावरची नोकरी राहील, एवढं सांगून ते निघून गेले. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. तोंडाला पदर लावून कशीबशी बसले.

थोड्या वेळानं यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत समजून मी पाठीवर हात ठेवला, तर हे हसत होते!

"काय झालं तुमाले?"

"सुटलो ना वं! दर सामन्याच्या आधी मले ओकारी येत जाये. लय भेव लागे."

"मंग सोडलं काहून नाई?"

"मले वाटलं, तुले वाईट वाटन."

मग मीही बोलले. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बोलले. आम्ही दोघं इतके हसलो, इतके रडलो, की नर्स येऊन रागावली. संसार एवढा जुना झाला होता, पण एकमेकांना खरं असं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं.