वॉल्टर गॅरडचं सिमेंट

सकाळपासून ईनिड गॅरडचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा केला, तो तसाच निवला. खिडकीशी जा, दाराशी ये, पुन्हा खिडकीशी. बाहेर शिडीवर लेन पास्क, जुनं वीटकाम दुरुस्त करणारा गवंडी, विटांवर टकटक करत होता. तो काय सांगतो त्यावर दरवाजा राहतो की पाडला जातो, हे ठरायचं होतं.

दरवाजा एका हवेलीचा, इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातला, लाल विटांचा, दोन अंगांना दोन मनोरे. मागची हवेली केव्हाच गेली, मालकही गेले. मागे उरले ते दरवाजाच्या खोल्यांत राहणारे राखणदार गॅरड, पाच पिढ्यांचे. कागदोपत्री त्यांची एक वीटही नव्हती, पण तोरा मालकांपेक्षा जास्त! ईनिडचा बाप वॉल्टर तर दर रविवारी चर्चमधून आला की कोट काढायचा, सिमेंटची बादली उचलायचा आणि विटांमधले सांधे भरत बसायचा. अशी चाळीस वर्षं. बायको म्हणायची, "त्या विटांशीच लावायचं होतंस लग्न!"

आता त्याच विटांचा भुगा रोज पायरीवर पडत होता. ईनिडने त्याचं खापर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या हादऱ्यांवर फोडलं होतं.

लेन खाली उतरला. नुसताच हात पुसत राहिला.

"बोल की रे बाबा! जीव टांगणीला लागलाय माझा."

"वाचेल, बाई. पण त्या ट्रॅक्टरला उगाच शिव्या घातल्यात. सांध्यांत पूर्वीसारखा चुना असला की विटेतलं पाणी निघून जातं. सिमेंटनं ते आत कोंडलं, थंडीत गोठलं, अन् विटा फुटल्या. वर धुराड्यापाशी बघा. तिथं कुणाचा हात पोचला नाही, तिथली वीट पाचशे वर्षं धडधाकट आहे."

याला हाकलूनच द्यावं, असं ईनिडला वाटलं. बापाने जिथे जीव लावला, तिथेच घात झाला? आधी संताप आला, मग रडूच कोसळलं. लेन बिचारा टोपी चुरगळत उभा राहिला.

"सगळं सिमेंट काढावं लागेल," तो हळूच म्हणाला. "डावीकडून सुरू करू?"

"नको. ते बाबांचं आहे, ते शेवटी." तिने डोळे पुसले. "उजवीकडचे खालचे सांधे मी भरलेत. बारा वर्षांची होते, थापी त्यांनीच हातात दिली होती. आधी ते फोडायचे. आण ती छिन्नी इकडे."