पाहुण्या मशीननं ओ दिली

सोनईच्या कादर टेलरच्या थोरल्या लेकीची, अल्मासची नजर दहावीनंतर पार गेली, तेव्हा लोक तिच्या आईला, मुबारकबीला म्हणाले, "आता घरीच ठेवा तिला." मुबारकबीनं ऐकलं नाही. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या भरवशावर पोरगी नगरला शिकली आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत दवाखान्यांचे प्रोग्राम तपासायच्या कामाला लागली.

पहिल्याच आठवड्यात घोडं अडलं. तिथं एका संगणकाच्या पोटात दुसरा, नुसत्या सॉफ्टवेअरचा संगणक चालवायचे आणि तपासणी त्या आतल्यावर करायचे. बाहेरचा होस्ट म्हणजे यजमान, आतला गेस्ट म्हणजे पाहुणा. अल्मासनं गेस्टची खिडकी उघडली की कानातला आवाज मुका व्हायचा. त्याच्या लेखी ती खिडकी म्हणजे एक चित्र. चित्रातली अक्षरं तो वाचणार कुठून?

"तू फोनवरच्या तक्रारी घेशील का?" कंपनी चालवणाऱ्या भागवत सरांनी विचारलं. बोलणं मायेचं होतं, पण तिला लागलं.

"सर, थोडे दिवस द्या."

"घे की. घाई कुणाला आहे?"

अल्मासनं होस्टची सगळी माहिती पिंजून काढली. खिडकी न उघडता बाहेरूनच आत हुकूम धाडता येतो आणि उत्तरही बाहेर मागवता येतं, हे तिला कळलं. फक्त गेस्टमध्ये एक मदतनीस प्रोग्राम बसवायला हवा होता. रविवारी लॅपटॉप घरी आणला. धाकटी बहीण सुमैरा पडदा वाचत गेली, अल्मास बटणं दाबत गेली आणि तो प्रोग्राम आत बसला.

मग तिनं पहिला हुकूम सोडला. पासवर्ड चुकला! तिनं होस्टचा दिला होता, हवा होता गेस्टचा. पुन्हा सोडला. चालवायची फाइल सापडेना, तिचा पत्ताही आतल्या मशीनमधलाच द्यायला हवा होता. तोही बदलून तिनं एंटर दाबलं.

आणि कानात आवाज बोलू लागला. आतल्या मशीनचं नाव, मग तिथल्या फायली, एकामागून एक.

"अम्मी!"

मुबारकबी पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं गं?"

"मी बाहेरून हाक मारली, आतल्यानं ओ दिली!"

मुबारकबीला उमगलं एवढंच, की लेक कित्येक दिवसांनी अशी हसतेय. तिनं तिचे गाल धरले आणि दोन्ही पिठानं माखले.

पुढं अल्मासनं सगळ्या तपासण्यांचे हुकूम एका फायलीत ओवले. फाइल चालवली की गेस्टमागून गेस्ट तपासला जायचा आणि निकाल बाहेर यायचा. भागवत सरांनी ते दोनदा चालवून पाहिलं.

"अल्मास, हे सगळ्यांच्या मशीनवर बसवून दे," ते म्हणाले. "आणि नव्या लोकांना तूच शिकवायचं."

फोनच्या तक्रारींचा विषय पुन्हा निघाला नाही.

परवा बाजारात ओळखीच्या लंकाबाईनं विचारलं, "मुबारकबी, तुमची पोरगी नगरला काय करती वो?"

"मशीनला हुकूम सोडती."

"अन् ते ऐकतं व्हय?"

"न ऐकून जातं कुठं!" मुबारकबी म्हणाली, चार दुकानांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.