स्वेटरच्या आतले फुगे

पार्सलमधून फुग्यांचं प्लॅस्टिक निघालं की मला कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळी गावचा चहा आठवतो. थंडीतल्या एका रविवारी पहाटेच हौसेनं बाइक काढली होती, आणि महागड्या जॅकेटातही कुडकुडत मी तिथल्या टपरीवर थांबलो. शेजारी नाइट शिफ्ट सुटलेले एक काका साध्या स्वेटरात निवांत चहा पीत होते. ते हलले की त्यांच्या अंगातून हळूच ‘फट्’ असा आवाज येई. हाडं वाजतायत की काय? राहवेना, शेवटी विचारलंच. काकांनी स्वेटर वर केला, तर आत छातीभर हेच प्लॅस्टिक गुंडाळलेलं. “कंपनीत पार्टला ओरखडा पडू नये म्हणून लावत्यात. गाडीवर वारं लागत न्हाई बगा. माणूस काय पार्टपेक्षा कमी हाय व्हय?” आता घरी पोरं फुगे फोडायला मागतात, पण थंडीत मी देत नाही, आधी छातीला लावून बघतो, पुरतंय का.