पीठ मळणाऱ्या बाईंस

किन्हवलीतले काही म्हातारे प्रेमाबाईंना अजून 'पीठवाली' म्हणतात. हे नाव तीस वर्षांपूर्वीच्या सप्ताहातलं. त्या साली भजनाला साथ करायला पखवाजवादक केळशीकरबुवा आले होते. इतका मोठा वाजवणारा गावात पुन्हा आला नाही.

मंडपात बसल्यावर बुवांनी शेजारच्या घरी निरोप धाडला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेल्या पिठाचा गोळा लावावा लागतो. त्याशिवाय खर्ज निघत नाही. त्या घरात प्रेमा नवी सून होती. घरात जे पीठ होतं तेच तिने मळलं. तांदळाचं. भाकरीसाठी काढतात तशी उकड काढून, मऊसूत. तांदळाच्या पिठाला कणकेसारखा चिवटपणा नसतो, हे तिला कोण सांगणार?

तिसऱ्या अभंगाला पीठ सुटलं आणि बुवांच्या मांडीवर पडलं.

"कुणी मळलं हे?" बुवा माईकवरच ओरडले. मंडप हसला. प्रेमा खांबाआड उभी होती. ती तशीच उभी राहिली, भजन संपून सतरंज्या गुंडाळेपर्यंत.

दोन महिन्यांनी पोस्टमन शेताच्या बांधावर आला. "पीठवाले, तुझं टपाल हाय गो!" पाकिटावर पत्ता होता : सप्ताहात पीठ मळणाऱ्या बाईंस, किन्हवली. मागे बुवांचं नाव. प्रेमा चौथी शिकलेली. तेवढं तिला वाचता आलं.

"उघड की," नवरा, राघो, म्हणाला.

"नाय. एकदा आयकलं तेवढं पुरं."

पाकीट लग्नाच्या लुगड्याखाली गेलं. त्या सालापासून मात्र प्रत्येक सप्ताहाला प्रेमाबाई शहापूरहून गहू आणतात, दळतात, आणि पखवाजी बसण्याआधी कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून खांबाशी ठेवतात. कुणी सांगितलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही.

गेल्या महिन्यात शहापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या नम्रता गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत त्यांच्या ओटीवर आल्या. बुवांना जाऊन चार वर्षं झाली. नम्रता त्यांच्या पत्रांचं पुस्तक करतायत.

"फार तापट माणूस, मावशी," त्या म्हणाल्या. "शिष्यांना पत्रातूनसुद्धा झोडपायचे. पण एका मित्राला लिहिलेल्या नऊ पत्रांत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. किन्हवलीच्या बाईंचं उत्तर आलं नाही."

प्रेमाबाई उठल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. पाकीट घेऊन त्या बाहेर आल्या.

"तूच वाच गो."

नम्रतांनी पाकीट फाडलं.

'बाई, पीठ कसलं हवं ते सांगायचं काम माझं होतं. आमच्या केळशीलाही गहू सणालाच यायचा, हे मी विसरलो. तुमचं राहिलेलं पीठ मी मुक्कामाच्या घरी थापून भाजायला लावलं. इतकी मऊ भाकर आई गेल्यापासून खाल्ली नव्हती. ओरडलो चारचौघांत, तर माफीही चारचौघांत मागायला हवी. तेवढं धाडस माझ्यात नाही. दोन ओळींचं उत्तर धाडा.'

प्रेमाबाईंनी पत्र स्वतःच्या हातात घेतलं.

"भाकर केली म्हणतात," त्या म्हणाल्या. मग हसल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. "आणि मी मेली तीस वर्सं घाबरले."

"मावशी, हे पुस्तकात छापू का? तुम्ही नको म्हणालात तर इथंच ठेवते."

"छाप. चारचौघांत व्हायला पायजे म्हणतात ना, होऊंदे. पण त्याच्याखाली माझं उत्तर टाक."

नम्रतांच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर दाबून.

'बुवा, पत्र पोचलं. आता कणीकच मळते. तुमच्या रागाने शिकले. उपकार झाले.'

नम्रता निघायला उठल्या.

"बस गो. भाकर टाकते," प्रेमाबाई चुलीकडे वळत म्हणाल्या. "तांदळाचीच हाय. ती आमच्या हातून कधी सुटली नाय."