माझं पत्रक आणि बाबांचं तेल

बाबांचं हृदय वाचवण्याच्या नादात मी ते जवळजवळ तळून काढलं होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बाबा अमरावतीत वकील. छातीत कळ आली म्हणून डॉक्टरांनी त्यांचं वनस्पती तूप बंद केलं, दोन महिने घरी बसवलं आणि वजन उतरलं तरच कोर्टात जायचं असं बजावलं. बाबांना तुपाचं दुःख नव्हतं, कोर्टाचं होतं. (उलटतपासणीला आता आई आणि मी, दोघंच उरलो होतो.)

मी पत्रकं वाचून वाढलेला. लगेच एक लिहिलं: ‘कारखान्यात तेलात वायू सोडून ते गोठवतात. हे हृदयाविरुद्धचं कारस्थान आहे. लाकडी घाण्याचं तेल निर्धास्त खा.’ खाली ठसठशीत सही. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं, वनस्पतीचा डबा मोरीत ओतला आणि तिवशाच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. एसटीत डबा मांडीवर होता, त्यामुळे माझी विजारही शुद्ध झाली.

बाबांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं.

“किती खायचं ते लिहिलं नाही तू.”

“शुद्ध तेलाले मर्यादा कायची, बाबा?”

“बरं. सही तुयीच ना?”

“माहीच.”

तेवढंच त्यांना हवं होतं. ठेच्यावर तेल, वरणात तेल, रोडगा तर तेलात पोहायचा. भाजीवर तर्री इतकी, की वांगं चाचपून शोधावं लागे.

“अहो, पुरे करा आता,” आई म्हणायची.

बाबा भिंतीकडे बोट दाखवायचे. “मी नाही, कागद बोलून राहिला.”

आणि मी अभिमानाने आणखी वाढायचो.

दोन महिन्यांनी बाबा काळा कोट घालूनच दवाखान्यात गेले. तिथून थेट कोर्टात जायचं होतं. वजनकाट्याचा काटा मात्र पुढे सरकला होता.

“वकीलसाहेब, काय खाऊन राहिले तुमी?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी कोटाच्या खिशातून भिंतीवरचं पत्रक काढलं. “हा पुरावा. सही माह्या पोराची.”

डॉक्टरांनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. “वनस्पतीबद्दल खरं लिहिलं तू. गोठवलेलं तेल हृदयाले वाईटच. पण बापू, घाण्याचं झालं तरी ते तेलच आहे, गंगाजल नाही.”

आणखी दोन महिने घरी. टांग्यात बाबा एवढंच म्हणाले, “कोट अंगावरच ठेवतो. आता कोर्ट घरीच भरणार आहे.”

आईने पत्रक पुन्हा भिंतीवर लावलं आणि माझ्या सहीखाली पेन्सिलीने लिहिलं: ‘दिवसाला दोन चमचे.’ त्या एका ओळीने बाबांचं वजन उतरलं आणि ते कोर्टात परतले.

पुढे कापूस गिरणीच्या संपावर मी जळजळीत पत्रक लिहिलं. छापखान्यात द्यायला ते बाबांकडे सोपवलं. सगळ्या प्रती छापून आल्या. प्रत्येकीवर, माझ्या सहीच्या खाली, ठळक अक्षरांत होतं: ‘दिवसाला दोन चमचे.’